फक्त संदर्भासाठी

१

देवपुरात दूध घालणारे पुष्कळ होते. पण संध्याकाळचा रतीब उरकल्यावर शाळेच्या वाचनालयाच्या खिडकीखाली येऊन बसणारा एक हिलालच होता. सायकल भिंतीला टेकवायची, रिकाम्या किटल्यांची झाकणे उघडून ठेवायची आणि ओट्यावरून पाय खाली सोडून बसायचे. आत त्याची मंदा नववीच्या पोरापोरींबरोबर वाचत असायची. ती उठेपर्यंत त्याला कसलीच घाई नसे.

आत तो कधी गेला नव्हता. वहाणांना शेण, अंगाला दुधाचा वास. आपण उंबऱ्याच्या बाहेरच बरे, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते. खिडकी उंच होती. तीतून डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा आणि पाने उलटल्याचा आवाज. तो आवाज त्याला फार आवडे. गोठ्यात म्हशी पोट भरून रवंथ करत बसल्या की जसे वाटते, तसे त्याला तिथे वाटायचे.

ती खोली कित्येक वर्षे कुलपात होती. पुस्तके खराब होतील म्हणून ती कोणाला द्यायचीच नाहीत, अशी तिथली रीत. मोतीलाल सर नवे ग्रंथपाल म्हणून आले आणि त्यांनी कपाटे उघडली. बारीक अंगाचे, हळू बोलणारे, कोणावर डोळे न वटारणारे. हिलालने त्यांच्या घरी पहिल्या धारेचे दूध घालायला सुरुवात केली ती या खोलीपायी.

मंदा मात्र आधी पुस्तकांपायी तिथे गेली नव्हती. वर्गात धडा वाचताना तिच्या तोंडून 'आहे'च्या जागी घरच्या बोलीतले 'शे' निघून गेले होते, आणि सगळा वर्ग हसला होता. बाईंनी तिला तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावले, आणि दर वेळी वर्ग हसला. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती वाचनालयात जाऊ लागली, आणि घरी आल्यावर अशी बोलू लागली की जणू एखाद्या शब्दावरून पाय घसरेल.

घरी बोलायला होती तिची आजी, भिकुबाई. पांझरा नदीच्या काठाला, जिथे देवपूर संपून वावरे सुरू होतात, तिथे त्यांचे घर आणि गोठा. भिकुबाईने शाळेचे तोंड पाहिले नव्हते. नवरा गेला, मग सूनही गेली. म्हातारीने म्हशी सांभाळल्या, नात सांभाळली आणि हिलालला सांभाळले. त्याच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या तरी ती त्याला 'पारडू' म्हणायची. म्हशीचे पिल्लू ते पारडू. चार लोकांत म्हणायची, गिऱ्हाइकासमोर म्हणायची. चहाच्या टपरीवर लोक विचारायचे, काय हिलालभाऊ, पारडाला दाढी कधी येणार? तो हसायचा. मनातून त्याला बरे वाटायचे.

२

दिवाळीच्या सुट्टीनंतर मोतीलाल सरांनी नववीला एक काम दिले. प्रत्येकाने आपल्या घरच्या बोलीचा अभ्यास करायचा. नुसती पुस्तके पाहून नाही. घरातले म्हातारे माणूस वाचनालयात घेऊन यायचे, त्याला बोलते करायचे. म्हाताऱ्याने घरचा शब्द मोठ्याने म्हणायचा. मुलाने त्याचा शुद्ध शब्द सांगायचा. मग म्हाताऱ्याने तो शुद्ध शब्द एकदा म्हणायचा, म्हणजे अर्थ पक्का झाला. सर याला 'शुद्ध करून घेणे' म्हणत. मुले लिहून घेणार, सर ते कागद काचेच्या कपाटात ठेवणार. चांगले झाले तर जळगावच्या प्रदर्शनात शाळेचे नाव लागणार.

मंदाने घरी येऊन हे सांगितले तेव्हा तिचे डोळे चमकत होते. जो शब्द ऐकून वर्ग हसला, तो आता काचेच्या कपाटात बसणार होता.

भिकुबाईने ठेवणीतले लुगडे नेसले. शनिवारी शाळा सकाळची होती. ती सुटल्यावर नातीचा हात धरून ती वाचनालयात गेली. हिलाल नेहमीसारखा खिडकीखाली. आतून म्हातारीचा आवाज येत होता, मोकळा, चढा, गोठ्यातल्यासारखा. तिने जात्यापासून सुरुवात केली, मग भांडीकुंडी, मग म्हशीचे आजार, मग शिव्या. पोरे हसत होती, पण हे हसणे वेगळे होते. मध्येमध्ये पोरांचे शुद्ध शब्द यायचे आणि म्हातारी ते अडखळत म्हणायची, लहान मुलाने कडू औषध गिळावे तशी.

शेवटी मंदाने काहीतरी विचारले. आणखी काही राहिले का, असे असावे.

"लई जाय माय," भिकुबाई म्हणाली. "बठ्ठं लई जाय. माले आजलगुन कोन्ही इचारं नही. बठ्ठं तुन्हंच शे."

हिलालने टॉवेलने डोळे पुसले. आपल्या आईला कोणी खुर्चीवर बसवून विचारील, आणि ती सगळे घेऊन जा म्हणेल, हे त्याने कधी मनातही आणले नव्हते.

बाहेर आली तेव्हा ती गप्प होती. दमली असेल, असे त्याला वाटले. वाटेत तो काहीबाही बोलत होता, ती मान हलवत होती. घरी येऊन तिने चूल पेटवली, भाकरी थापल्या, ताट वाढून पुढे सरकवले.

"भाकर आहे," ती म्हणाली. "खाऊन घे."

हिलालचा हात ताटावरच थांबला. पन्नास वर्षे होत आली, या घरात भाकर 'शे' होती. त्याने आईकडे पाहिले. ती चुलीत लाकूड सारत होती. चेहऱ्यावर थट्टा नव्हती, काही नव्हते.

"काय म्हनी माय तू?"

"खाऊन घे म्हटलं, पारडू. गार होईल."

३

माणूस अशा वेळी स्वतःला समजावतो. हिलालनेही समजावले. दुपारभर तेच तेच शुद्ध शब्द म्हणून तोंडाला वळण पडले असेल. सकाळी जाईल.

सकाळी गेले नाही. आठवडा गेला तरी गेले नाही. शेजारी टीव्ही आला होता, रोज संध्याकाळी बातम्या मोठ्याने लागायच्या. त्यातून शिकली म्हणावे, तर म्हातारीला एका कानाने कमी ऐकू यायचे. मग तो तिची परीक्षा घेऊ लागला. बोलता बोलता घरचा शब्द पुढे टाकायचा. ती त्याच्याकडे अशी पाही, जशी एखादी बाई परमुलखातल्या पाहुण्याकडे पाहते. राग नाही, ओळखही नाही. त्याने 'सगळे' या अर्थी 'बठ्ठं' म्हटले तर ती विचारी, बसायला सांगतोस का?

तो हसायला गेला आणि त्याला हसू आले नाही.

मग गोठ्यातले सुरू झाले. त्यांची जुनी म्हैस, चांदी, भिकुबाईच्या बोलण्यावर पान्हा सोडायची. धार काढताना म्हातारी तिच्याशी सतत काहीबाही बोलत असे, सासरी गेलेल्या लेकीशी बोलावे तसे. आता ती खाली बसली, कासेला पाणी लावले आणि म्हणाली, "चल बाई, दूध दे. उशीर होतो आहे."

चांदीने मान वळवून तिच्याकडे पाहिले. नाकातून जोराने हवा सोडली. आणि पान्हा चोरला.

म्हातारी पुन्हा पुन्हा सांगत होती, तितक्याच स्वच्छ, तितक्याच गोड शब्दांत. म्हैस मागे सरकत सरकत दावे ताणून भिंतीला टेकली. जनावराचे डोळे पांढरे झाले होते. हिलालने आईला हाताला धरून उठवले, स्वतः खाली बसला आणि तिच्याच जुन्या शब्दांत म्हशीशी बोलला. तेव्हा कुठे धार आली, तीही थोडी. मागे भिकुबाई उभी होती. आपल्याच गोठ्यात तिला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हते.

"ती मला का घाबरते रे?" तिने विचारले.

त्याने चांदीचे दावे सैल केले. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा राग आला. कोणाचा, ते कळत नव्हते. पण पोटातून वर येत होता, आणि त्याला जायला जागा नव्हती.

एकच शब्द शिल्लक होता. 'पारडू'. तो तिने खुर्चीवर बसून सांगितला नव्हता, कारण तो शब्द आहे असे तिला वाटलेच नव्हते. तो तिचा मुलगा होता. दूध देताना चरवी कधी पालथी करायची नाही, तळाला थोडे राखायचे, असे तिनेच त्याला शिकवले होते. तेवढे थोडे तळाला राहिले होते. हिलाल रोज घरी येताना दारातच थांबायचा, आणि आतून ती हाक आली की मगच वहाणा काढायचा.

४

तोताराम शिंप्याचा मुलगा मंदाच्याच वर्गात होता. तोतारामने आपल्या वडिलांना, वना आबांना, वाचनालयात पाठवले होते. हिलाल दूध घालायला गेला तेव्हा वना आबा ओसरीवर बसून पेपर वाचणाऱ्या माणसासारखे बोलत होते. "आज हवामान चांगले आहे," असे ते म्हणाले. हिलालने किटली खाली ठेवली. हेच वना आबा मागच्या पोळ्याला अशा काही शिव्या हासडत होते की बैलसुद्धा खाली पाहत होते.

तो आत तोतारामच्या मशीनजवळ गेला, जे वाटत होते ते सांगितले. तोताराम मशीनवरून उठलासुद्धा नाही.

"बरंच झालं की," तो म्हणाला. "पाहुणे आले म्हणजे मला लाज वाटायची. आता आबा कसे मास्तरसारखे बोलतात. तुझी माय तर बाईसाहेब झाली म्हणतात. तुझं काय दुखतं हिलाल? तू राहशील मागं एकटा पारडू."

हिलालने त्या घरचे दूध त्या दिवसापासून बंद केले. कारण सांगितले नाही.

त्याचा राग आता वाढत होता, आणि सगळ्यात वाईट हे की तो एकट्याचाच होता. ज्या ज्या घरी म्हातारे माणूस शाळेत जाऊन आले, त्या त्या घरी लोक खूश होते. सुना खूश होत्या, सासू अंगावर ओरडत नाही म्हणून. ओरडायला शब्द उरलेच नव्हते. म्हातारी माणसे ओसरीवर नीट बसून नीट बोलत, आणि बोलणे संपले की समोर पाहत राहत.

५

रविवारी त्याने मंदाला समोर बसवले. पोरीवर त्याने आजवर आवाज चढवला नव्हता. आताही हळूच सुरुवात केली. वाचनालयात जा, हवी तेवढी पुस्तके वाच, पण हे काम सोड.

मंदाने हातातले पुस्तक मिटले. मग म्हणाली, सरांना आता लाडाच्या हाका हव्या आहेत. आया मुलांना काय म्हणतात, आज्या नातवंडांना काय म्हणतात. आजीला शनिवारी न्यायचे आहे.

"नही," हिलाल म्हणाला.

"का नाही?"

त्याने सांगायचा प्रयत्न केला. बोलताना त्याचे त्यालाच ते वेड्यासारखे वाटत होते. आजी आता शे म्हणत नाही, हे तुला दिसत नाही का?

"दिसतं की," मंदा म्हणाली, आणि उठून उभी राहिली. तिलाही राग आला होता, बापासारखाच. "बाबा, तुम्ही त्या वर्गात नव्हता. मी उभी होते. सगळे हसत होते, बाईसुद्धा. आजीला आता कोणी हसत नाही. मला आता कोणी हसत नाही. आणि ते शब्द हरवले नाहीत, ते नीट ठेवले आहेत. तुम्हाला काय पाहिजे, आम्ही शेणातच राहायचं?"

तो उठून गोठ्यात गेला. पोरीचे खोटे नव्हते. म्हणूनच राग आणखी वाढला.

सोमवारी त्याने मोतीलाल सरांना वाचनालयाच्या व्हरांड्यात गाठले. उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही. त्याला वाटत होते की आपण गळा धरू. पण सर इतके नम्र होते, की हात वर जाईना. त्याने एवढेच म्हटले, की माझ्या आईने जे दिले ते परत द्या.

सरांना याचे काही नवल वाटले नाही. हेच हिलालला पुढे सारखे आठवत राहिले. ते म्हणाले नाहीत की हे काय भलतेच बोलता. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि जसे एखाद्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे तसे म्हणाले,

"हिलालभाऊ, ते संदर्भ विभागात गेलं. संदर्भ विभागातलं घरी देता येत नाही. इथे येऊन पाहू शकता. नियम सगळ्यांना सारखा आहे."

"मन्ही मायनं शे ते."

"होतं," सर म्हणाले. "त्यांनी स्वतः दिलं. सगळं घेऊन जा म्हणाल्या, पोरांनी ऐकलं आहे."

त्यांच्या मागे खोलीचे दार अर्धे उघडे होते. पोरे टेबलांवर वाकून वाचत होती. शांतता राखा, अशी पाटी होती आणि शांतता होती. पण त्या शांततेच्या खाली काहीतरी होते. हिलालने कान दिला. बंद किटलीत दूध डचमळावे तसा तो आवाज होता, काचेच्या कपाटांकडून येणारा. पुष्कळ म्हातारी माणसे एकदम, हळू आवाजात, आपापले बोलत असल्यासारखा. त्यात एक चढा आवाज होता. मोकळा, गोठ्यातल्यासारखा.

सरांनी दार हलकेच ओढून घेतले.

६

शनिवारी तो आईला सांगून निघाला, की कुठे जाऊ नको, मी दुपारी येतो. मंदाला काही सांगितले नाही. दुपारचे दूध घालत असताना एका बाईने दारातून सहज म्हटले, भिकुबाई आज नटून कुठे निघाल्या होत्या? नातीबरोबर शाळेच्या रस्त्याला दिसल्या.

हिलालने ती किटली तिथेच ठेवली. सायकलवर बसला. वाटेत दुसरी किटली उसळून पडली, रस्त्यावर दूध पसरले, मागे कोणी हाका मारत होते. त्याने वळून पाहिले नाही. एवढा राग त्याला आयुष्यात कधी आला नव्हता. बाप गेला तेव्हा नाही, बायको गेली तेव्हा नाही. ते देवाने नेले होते. हे कोण नेत होते, टेबलावर बसून, हळू आवाजात, आभार मानून?

उंबरा आला. तो शेणाच्या वहाणांनिशी आत शिरला.

लांब खोली होती, बाहेरून वाटायची त्याहून लांब. दोन्ही अंगांना काचेची कपाटे. टेबलाभोवती पोरे वह्या उघडून बसलेली आणि मधल्या खुर्चीवर भिकुबाई, ठेवणीतल्या लुगड्यात, हात मांडीवर. मोतीलाल सर तिच्यापुढे वाकून विचारत होते. मंदा पेन सरसावून होती.

"आणि मुलाला, आजी? हिलालभाऊंना लहानपणी काय म्हणायचात?"

भिकुबाई आठवत होती. कपाळाला आठी पडली होती. आठवत नव्हते तिला. हिलालला कळायला हवे होते, की तिला ते आठवले नसते. तो समोर नसताना तिला ती हाक कधीच लागली नव्हती. तो दारात उभा राहिला म्हणजे ती तोंडून निघायची. तो गप्प राहिला असता, मागे फिरला असता, तर सर पुढच्या शब्दाकडे वळले असते.

पण राग त्याच्या पुढे धावत गेला.

"माय!" तो ओरडला. "म्हनू नको! पारडू म्हनू नको वं माय, आठे म्हनू नको! बठ्ठं लई गयात ह्या चोट्टा, आते काय ऱ्हायनं! ऊठ, घर चाल! म्हनू नको!"

खोलीत सगळ्यांनी वर पाहिले. भिकुबाईने मान वळवली. दारात तिचा मुलगा उभा होता. तिचा चेहरा उजळला, जसा रोज संध्याकाळी उजळायचा.

"पारडू," ती म्हणाली. "आलास का रे?"

पेने कागदावर चालली; तिची हाक उतरली, त्याचे ओरडणेही उतरले.

हिलालला पुढे पाऊल टाकायचे होते, टेबल उलथायचे होते. त्याने तोंड उघडले. आत राग होता, पण रागाच्या हातात काही नव्हते. तो शब्द शोधत होता आणि त्याला सापडत होते ते सगळे नीटनेटके, धुतलेले. शेवटी त्याच्या तोंडून आले, "कृपा करून हे थांबवा."

"झालंच आहे," सर प्रेमाने म्हणाले. "किती छान बोलता तुम्ही."

तेव्हा त्याची नजर समोरच्या कपाटाकडे गेली. काचेत सगळी खोली दिसत होती. पोरे, टेबल, सरांची पाठ, खुर्चीवरची आई. आई गप्प बसली होती; काचेतल्या आईचे ओठ हलत होते. आणि दारात एक माणूस होता, काळ्यापांढऱ्या मिशांचा, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, तोंड वासून ओरडत असलेला. हिलालने आपल्या तोंडावर हात ठेवला. त्याचे तोंड मिटलेले होते.

काचेतला माणूस ओरडायचा थांबला नाही.

७

जळगावच्या प्रदर्शनात देवपूरच्या शाळेला बक्षीस मिळाले. मंदाचे नाव पेपरात आले. तिने कात्रण भिंतीला लावले, आणि कधीकधी रात्रीच्या जेवणाला बसताना आजीकडे आणि बापाकडे पाहून ती हातातला घास खाली ठेवी. दोघे समोरासमोर बसलेले असत.

"जेवण झालं का आई?"

"हो, झालं. तुमचं?"

"माझंही होतंच आहे."

"बरं."

चांदी आटली. ती आता कोणालाच धार देईना, म्हणून हिलालने ती विकून टाकली. उरलेल्या म्हशी तरुण होत्या, त्यांना कोणी काय बोलते याचे काही वाटत नसे. लोक म्हणत, हिलालभाऊ अगदी निवळला. गिऱ्हाइकांशी अदबीने बोलतो, कोणी दूध पातळ म्हटले तरी रागावत नाही. संध्याकाळी घरी आला की तो दारात उगाच थांबायचा. कशासाठी थांबलो ते त्याच्या लक्षात यायचे नाही. मग वहाणा काढून आत जायचा.

वाचनालयाच्या खिडकीखाली बसणे मात्र चालू होते. मंदा आता दहावीला होती, जास्त वेळ बसायची.

एके दिवशी पाने उलटण्याचा आवाज ऐकत असताना त्याला आतून कोणी बोलल्यासारखे वाटले. त्याने कान दिला. कपाटांच्या बाजूने येत होते. एक म्हातारी बाई होती. कोणाला तरी हाक मारत होती. भाषा त्याला कळेना, कुठल्या तरी खेड्याकडची असावी. पण हाक कशी आहे ते कळायला भाषा लागत नाही. अंधार पडायला लागल्यावर वासराला हाक मारावी तशी ती हाक होती. एकच शब्द, पुन्हा पुन्हा, एवढ्या मायेने की हिलालने मान वर करून खिडकीकडे पाहिले. कोण असेल तो, असे त्याला वाटले. नशीबवान आहे.

आणि दर हाकेसरशी एक पुरुष तिच्या अंगावर ओरडत होता. रांगडा आवाज, बेभान. तिला बोलूच देत नव्हता. ती हाक मारी आणि तो ओरडून तिचे तोंड बंद करी. ती पुन्हा मारी, तो पुन्हा ओरडे. तिचा मुलगाच असावा. दुसरे कोण आपल्या आईवर असे ओरडेल?

कितीतरी दिवसांनी हिलालला राग आला. पोटातून वर आला, जुना, ओळखीचा. त्या म्हातारीसाठी त्याचा जीव तुटला, आणि त्या माणसाचा संताप आला. तो ओट्यावर उभा राहिला. खिडकीच्या गजांना धरून त्याने टाचा उंच केल्या.

"अहो," तो म्हणाला, "आईशी असं बोलतात का?"

आत पोरे वाचत होती. कोणी वर पाहिले नाही.

आतला माणूस थांबला. म्हातारीसुद्धा थांबली. मग तो पुन्हा ओरडू लागला, पण आता आवाज खिडकीच्या दिशेने येत होता.